पिवळीपासून सावधान

“मॅडम, सर्दीची गोळी घेतल्यावर झोप नक्की कोणाला लागते? माणसाला की सर्दीला?”

शाळेच्या सभागृहात आरोग्य सप्ताहाचं उद्घाटन चालू होतं. तिथे भर सभेत उभं राहून भोंग्याने हे विचारलं आणि मागच्या रांगांत खसखस पिकली.

भोंगा म्हणजे नववीतली मुलगी. तिला रीतसर नावही आहे, पण ते फक्त हजेरीपुरतं उरलंय. गेल्या वर्षापर्यंत ती इतकी गप्प असे की वर्गात बसलेली असतानाही बाई तिची गैरहजेरी लावत आणि ती ते मुकाट्याने मान्य करी. मग शाळेच्या नाटकात तिला एकच वाक्य मिळालं, “साहेब, पत्र आलंय.” नेमका तेव्हाच माइक बंद पडला. घाबरून तिने ते वाक्य असं काही फेकलं की ते शेवटच्या रांगेवरून जाऊन सायकल स्टँडपर्यंत पोचलं, आणि तिथला राखणदार “कोणाचं पत्र?” म्हणत आत आला. त्या दिवशी भोंग्याला भोंगा हे नाव मिळालं आणि तिला स्वतःचा शोध लागला. तेव्हापासून तिला गप्प बसवणं हे शाळेपुढचं स्वतंत्र काम होऊन बसलंय.

प्रश्न तिचा नव्हता. तो तिच्या दोन मैत्रिणींचा होता. एक पेन्सिल, जी बारीक आहे, लांब आहे आणि टोकदार बोलते. दुसरी बातमी, जिला सगळं सगळ्यांच्या आधी कळतं. “तू हे विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर आम्ही उचलू,” असं दोघींनी कबूल केलं होतं. आणि भोंग्याचं दप्तर म्हणजे काय चीज आहे हे ज्यांनी उचललंय त्यांनाच ठाऊक.

व्यासपीठावर औषधांच्या दुकानातल्या फार्मासिस्ट बाई होत्या. पांढरा कोट, कपाळावर चढवलेला चष्मा आणि आवाज असा मऊ की अर्धं सभागृह कुठलीही गोळी न घेताच पेंगत होतं. त्या चिडल्या नाहीत. चष्मा डोळ्यांवर घेऊन त्यांनी भोंग्याकडे नीट पाहिलं.

“माणसाला,” त्या म्हणाल्या. “सर्दी जागीच असते.”

आता खरोखरच सगळे हसले.

“हसा, पण ऐका. अ‍ॅलर्जी झाली की अंगात हिस्टामिन नावाचा पदार्थ सुटतो. शिंका, खाज, अंगावरचे चट्टे हे सगळे त्याचेच उद्योग. या गोळ्या त्याला अडवतात, म्हणून चांगल्या. गाडी लागते त्यावरही त्यातल्या काही उपयोगी पडतात. पण जुन्या काळच्या ज्या गोळ्या आहेत ना, त्यांची खोड अशी, की त्या नाकापाशी थांबत नाहीत. मेंदूत शिरतात. तिथे आपल्याला जागं ठेवायचं काम हेच हिस्टामिन करत असतं. त्याला अडवलं की माणूस पेंगतो. तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, समोरचं धूसर दिसतं. त्या घेऊन गाडी चालवायची नाही. लहान मुलांना आणि वयस्कर माणसांना आपल्या मनाने द्यायच्या नाहीत. कळलं?”

“कळलं,” भोंगा म्हणाली आणि दप्तराच्या गोड विचारात खाली बसणार, एवढ्यात मुख्याध्यापिका उठल्या. मुख्याध्यापिकांना कुठलाही उत्साह वाया गेलेला सहन होत नाही.

“एवढी जिज्ञासा आहे, तर शनिवारी पालकांसमोर या विषयावर तूच बोल. घरोघरी जाऊन माहिती काढ, तक्ते कर. माहिती मात्र सरकारी दवाखान्यातून तपासून आण. ऐकीव काही चालणार नाही.”

भोंग्याने मदतीच्या आशेने मैत्रिणींकडे पाहिलं. पेन्सिल बुटाची नाडी बांधत होती आणि बातमीला प्रथमच काहीही माहीत नव्हतं.

संशोधन घरापासून सुरू करायचं ठरलं, कारण भोंग्याच्या घरी औषधांचं जे कपाट आहे तसं जगात दुसरं नसेल.

तिचे बाबा पंपांच्या कारखान्यात स्टोअरकीपर. वस्तू कशाची बनलीय यावरून नाही, तर ती कुठे लागते यावरून ती ठेवायची, हा त्यांचा सिद्धांत. एकच नट जर चार यंत्रांना लागत असेल तर तो चार ड्रॉवरमध्ये ठेवायचा. शोधणाऱ्याला विचार करावा लागता कामा नये. कारखान्याने टाकून दिलेलं, चिमुकल्या ड्रॉवरचं एक लोखंडी कपाट त्यांनी घरी आणलं आणि हाच सिद्धांत औषधांना लावला. ड्रॉवरवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या: नाक, खाज, प्रवास, झोप, पोट, डोकं आणि किरकोळ. ‘किरकोळ’मध्ये काय असतं हे विचारायची अजून कोणाची छाती झालेली नाही. गोळ्यांच्या पट्ट्या ते कात्रीने कापून एकेक गोळी सुटी करत, म्हणजे ड्रॉवरमध्ये त्या वॉशरसारख्या चपट्या बसत. त्यामुळे औषधांच्या नावांचेही तुकडे होत. एका चौकोनावर ‘रामि’, दुसऱ्यावर नुसतं ‘न’, तिसऱ्यावर बनवणाऱ्याच्या पत्त्यातला अर्धा रस्ता.

“बाबा, यात झोप आणणारी जुनी गोळी कुठली?”

“पिवळी,” बाबा क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. “बारीक, पिवळी. नाक खात्यात पाहा.”

“आणि आजोबांना देता का ती? फार्मासिस्ट बाई म्हणाल्या, वयस्कर माणसांना विचारल्याशिवाय नाही.”

“पिवळी? छे. तिने त्यांना फार झोप येते. म्हणून नाकासाठी पांढरी देतो.”

भोंग्याचं समाधान झालं. खरं सांगायचं तर तिला त्या क्षणी समाधान करून घ्यायचंच होतं, कारण तिच्या मांडीवर रंगांचं कार्ड उघडं होतं आणि ‘समुद्री हिरवा’ घ्यावा की ‘लिंबू फिकट’ हे ठरत नव्हतं. हे कार्ड आजोबांच्या खोलीसाठी होतं. म्हणजे जी आजोबांची खोली होती आणि लवकरच भोंग्याची होणार होती, त्या खोलीसाठी.

आजोबा आधी शाळेत खेळाचे मास्तर होते आणि नंतर समोरच्या मैदानावर फुटबॉलचे पंच. गळ्यात शिट्टी असायची, पण ती शोभेची. खरी शिट्टी ते दोन बोटं तोंडात घालून मारत. ती ऐकली की मैदानातला चेंडूसुद्धा थांबतो असं मुलं म्हणत. घरातही कोणी ओल्या पायांनी आत आलं की खोलीतून शिट्टी यायची. ही विद्या त्यांनी मुलांपैकी कोणालाच दिली नाही, थेट नातीला दिली. “जीभ दुमडायची, ओठ ओले ठेवायचे आणि आपण बरोबर आहोत यावर विश्वास ठेवायचा,” एवढाच त्यांचा पाठ.

पण गेले काही महिने शिट्टी बंद होती. आजोबा दिवसभर खुर्चीत पेंगत. एकदा त्यांनी ज्या संघावर गोल झाला त्यालाच गोल बहाल केला. पुढच्या सामन्यात ते गोलपोस्टला टेकून उभ्या उभ्या झोपले आणि मैदानाच्या मंडळाने टाळ्यांच्या गजरात त्यांना विश्रांती दिली. घरी ते बाबांना काकांच्या नावाने हाक मारत, दाढीच्या ब्रशवर टूथपेस्ट घेत, सारखं पाणी मागत आणि न्हाणीघरात गेले की लवकर बाहेर येत नसत. “वय झालं,” सगळे म्हणत. मग ठरलं की महिनाअखेर त्यांना दुसऱ्या गावी काकांकडे ठेवायचं. तिथे तळमजला आहे, लक्ष ठेवायला दिवसभराची बाई आहे. आजोबांनाही विचारलं होतं. ते “हो” म्हणाले होते.

भोंग्याला वाईट वाटलं होतं. पण लहानपणापासून ती बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपते, तिथे पहाटे दूधवाला तिच्या उशापाशी पिशवी ठेवून जातो, आणि आजोबांच्या खोलीला मैदानाकडे उघडणारी खिडकी आहे. माणसाला एकाच वेळी वाईटही वाटू शकतं आणि रंगही निवडता येतो, हे तिला त्या महिन्यात कळलं.

तर संशोधन. शेजारच्या काकूंनी दार उघडलं ते बोलतच.

“पिवळी गोळी ना? अगं, आमच्या ह्यांचा तिच्याशिवाय प्रवास होत नाही. आणि परवा नातवाला दिली अर्धी, म्हटलं बसमध्ये शांत झोपेल.”

“झोपला?”

“कसला झोपतोय. सगळी बस जागी ठेवली. कंडक्टरच्या मांडीवर बसून नाचला. लहान मुलांवर कधीकधी तिचा उलटा परिणाम होतो म्हणे.” मग काकूंनी आवाज खाली आणला. “पण तू तुझ्या तक्त्यात माझं नाव घालू नकोस. ‘एका अनुभवी गृहिणीने’ असं घाल.”

वरच्या मजल्यावर निवृत्त साहेब राहतात. साहेबांनी आयुष्यभर कुठल्याशा कार्यालयात अर्जांवर शेरे मारले, आणि आता अर्ज येत नाहीत म्हणून माणसांवर मारतात. ते म्हणाले, “मी कुठली गोळी घेतो हे विचारण्याचा तुला अधिकार काय? लेखी आण.” भोंग्याने खाली जाऊन शाळेचं पत्र आणलं. ते त्यांनी दोनदा वाचलं, त्यातल्या चुका दुरुस्त केल्या आणि म्हणाले, “मी कुठलीच गोळी घेत नाही.”

“मग हे आधी सांगायचं ना, काका.”

“पत्राशिवाय कसं सांगणार?”

उरला सरकारी दवाखाना. तिथल्या खिडकीतल्या कारकुनाला भोंग्याने आपलं काम सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, “केसपेपर काढावा लागेल. पेशंट कोण?”

“पेशंट नाहीये. फक्त माहिती तपासून हवीय.”

“पेशंटशिवाय डॉक्टरांकडे सोडता येत नाही. तक्रार काय लिहू?”

“जिज्ञासा,” भोंगा म्हणाली.

कारकुनाने लेखणी उचलली, क्षणभर विचार केला आणि ‘इतर’ असं लिहिलं.

‘इतर’वाल्यांची रांग सगळ्यात लांब निघाली. भोंगा बाकावर बसून राहिली. तिच्या डाव्या हाताला शिंकणारे कोणी म्हातारबुवा, उजव्या हाताला नाक ओढणारं बाळ आणि समोर खोकण्याची नुसती मैफल. बऱ्याच वेळाने डॉक्टरांनी तिचे तक्ते वरवर पाहिले, “छान आहे” म्हणाले, शिक्का मारला आणि तिला तोंडावर रुमाल धरायला सांगितलं. तो सल्ला जरा उशिरा आला. तोपर्यंत दवाखान्याने तिला शिक्क्याबरोबर सर्दीही दिली होती.

शनिवारी सकाळी भोंग्याच्या नाकातून नळ वाहत होता आणि आवाजाच्या जागी फुटक्या पिपाणीचा सूर निघत होता. दुपारी भाषण. घरात युद्धपातळीवर हालचाली सुरू झाल्या.

बाबांनी नाक खात्यातून एक गोळी काढली. भोंग्याने ती उजेडात धरून तपासली. “पिवळी नाही ना?”

“पांढरी आहे, डोळ्यांनी दिसतंय ना.”

आईने खोकल्याचं औषध चमचाभर पाजलं. ते गुलाबी होतं. शेजारच्या काकू शिंका ऐकून आल्या आणि त्यांनी स्वतःची, हमखास गुण येणारी, एक छोटी केशरी गोळी दिली. “खाजेची आहे, पण शिंकांनाही चालते, माझा अनुभव आहे.” भोंग्याने तीही घेतली. पिवळं काहीही पोटात गेलं नाही याची तिला पक्की खात्री होती. शेवटी तिच्या मुख्य तक्त्यावर मोठ्या अक्षरात तिनेच तर लिहिलं होतं: ‘पिवळीपासून सावधान’.

सभागृह पालकांनी भरलं होतं. पहिल्या रांगेत आई, बाबा आणि मध्ये बसवलेले आजोबा, जे बसल्या बसल्या पेंगायला लागले होते. मागच्या रांगेत शेजारच्या काकू. बाजूला प्रमुख पाहुण्या म्हणून फार्मासिस्ट बाई. व्यासपीठावर मुख्याध्यापिका प्रास्ताविक करत होत्या आणि मागच्या खुर्चीत भोंगा आपल्या क्रमाची वाट पाहत होती. नळ बंद झाला होता, हे चांगलं झालं. पण सभागृह हळूहळू लांब जात होतं. मुख्याध्यापिकांचा आवाज जणू शेजारच्या इमारतीतून येत होता. तिच्या हातातल्या कागदावरची अक्षरं एकमेकांना टेकून झोपली होती आणि तिला त्यांचा फार हेवा वाटला.

“...तर मी आमच्या धडाडीच्या विद्यार्थिनीला विनंती करते.”

भोंगा खुर्चीतच. बातमीने पाठीमागून तिला कोपर मारलं. भोंगा खडबडून उठली.

“गोल कोणाचा?” ती म्हणाली.

सभागृहात हशा पिकला. भोंगा माइककडे निघाली आणि माइक ज्या ठिकाणी होता त्याच्या जरा डावीकडे पोचली. जीभ टाळूला चिकटली होती. ‘आदरणीय’ हा शब्द तिने तीनदा सुरू केला आणि एकदाही संपवला नाही. ठरलं असं होतं की ती शिट्टी मारेल आणि पेन्सिल तक्ता पालटेल. भोंग्याने दोन बोटं तोंडात घातली, जीभ दुमडली, फुंकर मारली. फुस्स. पुन्हा मारली. फुस्स. ओठ म्हणजे दोन सुकलेले ब्लॉटिंग पेपर. पेन्सिल तक्त्याला हात लावून पुतळ्यासारखी उभी.

भोंग्याने समोर पाहिलं. पहिल्या रांगेत आजोबा जागे झाले होते. तिची ‘फुस्स’ ऐकून त्यांनीही नकळत दोन बोटं तोंडाशी नेली होती. त्यांनी फुंकर मारली. फुस्स. मग ते ओशाळून हसले आणि आईकडे हात करून म्हणाले, “पाणी.”

भोंग्याच्या डोक्यात कापसाचं गोदाम भरलं होतं, पण त्या गोदामातही कुठेतरी एक दिवा लागला. ती खाली बसली. म्हणजे खुर्चीवर बसणार होती, पण बसली व्यासपीठाच्या पायरीवर, आणि तक्त्याला टेकून तिने डोळे मिटले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पालकांना वाटलं, हे प्रात्यक्षिक आहे. मुख्याध्यापिकांनाही तसंच वाटलं आणि त्या म्हणाल्या, “किती जिवंत अभिनय, पाहा.” एका पालकांनी तर उभं राहून टाळ्या वाजवल्या. ‘पिवळीपासून सावधान’ या अक्षरांखाली तोंड उघडं टाकून झोपलेल्या भोंग्याचा फोटो आता शाळेच्या फलकावर लावलेला आहे आणि तो उतरवण्याविषयीचा तिचा अर्ज विचाराधीन आहे.

फक्त फार्मासिस्ट बाईंना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या नाहीत. त्या तडक वर आल्या, भोंग्याला हलवून उठवलं, नाडी पाहिली, पाणी पाजलं आणि मुलींच्या खोलीत नेऊन बसवलं. आई, बाबा, काकू आणि आजोबा मागोमाग.

“काय काय घेतलंस?”

“पिवळी नाही घेतली,” भोंगा म्हणाली, प्रत्येक शब्दाला वळसा घालत.

“पिवळी नाही हे कळलं. काय घेतलंस?”

मग घरची मंडळी एकेक करून बोलू लागली. बाबांना आईच्या औषधाचं माहीत नव्हतं, आईला काकूंच्या गोळीचं, आणि काकूंना कशाचंच. काकूंनी पर्समधून केशरी गोळीची पट्टी काढली. आई घरी जाऊन औषधाची बाटली आणि पांढऱ्या गोळीच्या पट्टीचे चार तुकडे घेऊन आली. बाईंनी बाटलीची मागची बारीक अक्षरं वाचली, तुकडे जोडून वाचले आणि चष्मा कपाळावर चढवला.

“पांढरी, गुलाबी, केशरी. तिन्हीत त्याच जुन्या घराण्यातलं औषध. रंग काय, कोणी कुठलाही देतो. हिने एकाच सकाळी तिप्पट घेतलंय. आज हिला एकटी सोडू नका, आता डॉक्टरांना दाखवून मगच घरी न्या, आणि पुन्हा यातलं काही देऊ नका.”

बाबांचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांच्या स्टोअरमध्ये चुकीचा नट शोधून दाखवला.

“बाई,” भोंगा म्हणाली. तिला एकच वाक्य पुरं बोलायचं होतं आणि त्यासाठी ती उरलेली सगळी ताकद गोळा करत होती. “माझी शिट्टी वाजली नाही.”

“तोंड कोरडं पडलंय म्हणून.”

“आजोबांचीही वाजत नाही. कधीपासून.”

फार्मासिस्ट बाईंनी आजोबांकडे पाहिलं. आजोबा बाकावर बसून पाण्याच्या बाटलीचं झाकण उलटं फिरवत होते.

“यांना काय काय देता?” त्यांनी विचारलं.

“विशेष काही नाही,” बाबा म्हणाले. “सकाळी नाकासाठी. दुपारी अंगाला खाज येते त्यासाठी. रात्री झोपेसाठी.” आणि मग, स्वतःचंच बोलणं ऐकून, ते हळू आवाजात म्हणाले, “तीन वेगळे ड्रॉवर आहेत.”

“आणि रात्री खोकला आला तर मी हेच गुलाबी देते,” आई म्हणाली.

संध्याकाळी, डॉक्टरांनी भोंग्याला तपासून घरी सोडल्यावर, सगळ्या गोळ्यांचा ढीग पलंगावर ओतला गेला आणि घरातली सगळी माणसं ते चौकोन जुळवायला बसली. ‘क्लोर’ला ‘फेनि’ सापडलं, ‘फेनि’ला ‘रामि’ सापडलं आणि ‘न’ किरकोळमध्ये निघालं. जुळवून पाहिलं तर नाक, प्रवास आणि झोप या तिन्ही खात्यांतून एकच औषध तीन वेषांत बाहेर आलं. खाजेचं त्याचं सख्खं भावंड होतं. “कारखान्यात ही पद्धत उत्तम चालते,” बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ही सगळी रास पिशवीत भरून आजोबांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पिशवी पाहून आधी कपाळाला हात लावला, मग आजोबांना नीट तपासलं.

“ही औषधं तरुण माणसाच्या अंगातून लवकर निघतात. यांच्या वयात रेंगाळतात, आणि तुम्ही रोज वर भर घालत होतात. पेंग, विसराळूपणा, कोरडं तोंड, लघवी अडणं, पडण्याची भीती, सगळं यातून येऊ शकतं. खाजेसाठी दुसरं, झोप न आणणारं देतो. रात्री झोप येत नाही तर आधी दुपारची झोप आणि संध्याकाळचा चहा बंद. बाकी मला विचारल्याशिवाय काही नाही.”

“मग हे पहिल्यासारखे होतील?” आईने विचारलं.

“तसं लिहून देणार नाही. वय आहेच. थांबून बघू.”

घराने थांबून बघितलं. पहिले दोन-तीन दिवस आजोबा चिडचिडे झाले आणि संध्याकाळच्या चहासाठी त्यांनी आईशी रीतसर भांडण काढलं. मग एका सकाळी त्यांनी विचारलं, “माझी खुर्ची खिडकीपासून कोणी हलवली?” ती महिन्यापूर्वी हलवली होती. नंतर त्यांनी बाबांना बाबांच्याच नावाने हाक मारली आणि बाबा दाढी अर्धवट टाकून धावले. दूधवाल्याला मात्र ते अजूनही आधीच्या दूधवाल्याच्या नावाने हाक मारतात, पण ते पूर्वीही मारायचे.

आणि मग महिनाअखेरचा रविवार आला. दुपारी काका आजोबांना न्यायला येणार होते. रंगारी सोमवारचा ठरला होता. आई आजोबांचे कपडे पेटीत ठेवत होती, पण एक सदरा तिने तीनदा घडी घालून तीनदा मोडला. बाबा रंगांचं कार्ड घेऊन भोंग्यापाशी आले.

“सांग बाई एकदाचं. समुद्री हिरवा की लिंबू फिकट?”

“बाबा, आजोबा आता बरे आहेत ना.”

“बरे आहेत. पण ठरलंय ते. भावाने तिकडे सगळी सोय केलीय, आता नाही कसं म्हणायचं? आणि आजोबाच हो म्हणाले होते.”

भोंगा आजोबांच्या खोलीत गेली. आजोबा खिडकीत बसून मैदानाकडे बघत होते. तिथे पंचाशिवाय सामना चालू होता, म्हणजे सामना कमी आणि भांडण जास्त.

“आजोबा, तुम्ही काकांकडे जायला हो म्हणाला होतात?”

“म्हणे मी हो म्हणालो.” आजोबांनी खांदे उडवले. “त्या दिवसांत मी कशालाही हो म्हणालो असेन. तू लग्नाचं विचारलं असतंस तरी हो म्हणालो असतो.” मग मैदानावरची नजर न काढता ते म्हणाले, “तुला खोली हवीच आहे. चांगला उजेड येतो इथे. अभ्यास होईल.”

भोंग्याने खोलीभर नजर फिरवली. समुद्री हिरवा. इथे टेबल, तिथे पुस्तकं, दाराला आतून कडी. दूधवाला नाही. खिडकीतून वारा आला आणि त्याला स्वतःच्या खोलीचा वास होता. असा क्षण तिच्या आयुष्यात यापूर्वी आलेला नव्हता, आणि तो तिने पुरेपूर उपभोगून घेतला, कारण तो परत करायचा होता.

खाली मैदानात एका मुलाने दुसऱ्याला सरळ आडवा केला. खेळ तसाच पुढे चालू राहिला. आजोबा खुर्चीतून उठले. दोन बोटं तोंडाशी नेली, थबकले, ओठांवरून जीभ फिरवली आणि फुंकर मारली.

शिट्टी अशी घुमली की मैदानातली मुलं जागच्या जागी थांबली, शेजारच्या काकूंच्या हातातलं भांडं पडलं आणि वरून निवृत्त साहेबांचा आवाज आला, “हे कोणाच्या परवानगीने?”

आई आणि बाबा दारात धावत आले. बाबांच्या हातात अजून ते रंगांचं कार्ड होतं. आजोबा खिडकीतून वाकून ओरडत होते, “फाउल आहे तो. चेंडू तिथे ठेव. तिथे नाही रे, तिथे.”

भोंग्याने बाबांच्या हातातून कार्ड काढून घेतलं, त्याची घडी घातली आणि दोघांसमोर सरळ उभी राहिली.

“आई, बाबा, मी ठरवलंय. मला ही खोली नको. आजोबा कुठेही जाणार नाहीत, मी दिवाणावरच झोपणार आहे, दूधवाल्यासकट. त्या लोखंडी कपाटात उद्यापासून फक्त स्क्रू आणि नट राहतील, आणि कोणाला काय औषध द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. काकांना फोन मीच करते.”

“अगं, पण ते निघाले असतील आता,” बाबा म्हणाले. “फोन लागायचा नाही.”

“मग मी खिडकीतून सांगते,” भोंगा म्हणाली. “ऐकू जाईल.”